नागपूरच्या पाण्याचें माहेर : सातपुडा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं नागपुरांतील घरोघरीं पचमढीस जावें कीं चिखलदऱ्यास, असा खल सुरू होतो. दोन्ही ठिकाणें सातपुड्याचींच. परंतु ज्या पर्वतावर आपण हवापालटासाठीं जातों, त्याचेंच पाणी वर्षभर आपल्या घरच्या नळास येतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

नर्मदा व तापी यांच्या दरम्यान पसरलेली ही रांग सुमारें ९०० किलोमीटर लांब असून, पचमढीजवळील धूपगड हें तिचें सर्वोच्च शिखर १३५० मीटर उंच आहे. मुलताईच्या परिसरांत उगम पावून तापी अरबी समुद्रास मिळते. तेथूनच जवळ उगम पावणाऱ्या वर्धेचें पाणी मात्र गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जातें. छिंदवाडा जिल्ह्यांतून येणारी पेंच हीही सातपुड्याचीच लेक. तोतलाडोह व नवेगाव खैरी येथें तिचें पाणी अडविलें आहे आणि नागपूरची तहान मुख्यतः त्यावरच भागते.

या पाण्याचें खरें राखणदार म्हणजे रान. पावसाचा मारा तें आपल्या अंगावर घेतें. त्यामुळें माती जागीं राहते, पाणी मुरतें व धरणांत गाळ कमी जातो. वाघ, गवा, अस्वल यांचें हें घर. मेळघाट तर १९७३-७४ सालच्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. १८८४ नंतर नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ सालीं पुनः दिसला, तोही सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहाद्याजवळ !

मनुष्यानें मनावर घेतल्यास त्याची सोय व रानाचें रक्षण हीं दोन्ही साधतात. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या रानांतून रुंद करतांना त्याखालून जनावरांसाठीं नऊ वाटा ठेवण्यांत आल्या. २०१९ सालीं तेथील कॅमेऱ्यांनीं वाघासह अठरा जातींच्या प्राण्यांची ये-जा टिपली. त्याच वर्षीं जुलैंत पाऊस लांबला, तोतलाडोह आटला आणि नागपुरास एक दिवसाआड पाण्यावर भागवावें लागलें. सातपुड्याचें आपणांवर किती ऋण आहे, हें त्या दिवसांत रिकाम्या हंड्यांनीं शिकविलें.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती : सातपुड्यास अवश्य जावें, पण वाघ दिसला नाहीं म्हणून गाडीवानावर रुसूं नये, रानांत कचरा टाकूं नये आणि मुलांना वाघाआधीं नदी दाखवावी. घरीं पेल्यांत उरलेलें पाणी ओतून देतांना त्यांचा हात थबकला, तर सहल सार्थकीं लागली असें समजावें.