करवतीला पदार्थ कळतो का?

साधन आणि प्रयोजन यांचं नातं आपण गेले काही दिवस तपासतो आहोत. आज त्यासाठी हातातलं उदाहरण घेऊ: लाकूड, लोखंड, प्लास्टिक, फरशी असं नाना प्रकारचं कापायला केलेली विजेची करवत.

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात करवत कशाला, असं कुणी विचारील. ती इथे फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात तिचाच दाखला दिला आहे. करवत लोखंडाची का? तर तिला कापायचं आहे म्हणून. कापायचं तर कठीण दाते हवेत, आणि असे दाते लोण्याचे करता येत नाहीत. म्हणजे प्रयोजन आधी ठरतं आणि पदार्थ त्याच्या मागून येतो. आपल्या नैयायिकांनी कुऱ्हाड घेतली. कुऱ्हाड हे तोडण्याचं करण खरं, पण कोपऱ्यात उभी ठेवलेली कुऱ्हाड काही तोडत नाही. तिचा लाकडाशी संयोग व्हावा लागतो. या मधल्या दुव्याला त्यांनी 'व्यापार' म्हटलं.

आता आमचा प्रश्न असा, की प्रयोजनच एक नसेल तर काय? आज सागाची तुळई, उद्या लोखंडी पाइप. मग करवतीने कसं असावं?

आधी व्यापार पाहू. लाकूड म्हणजे तंतूंची मोळी. ते कापताना मोठा भुसा निघतो आणि तो बाहेर पडायला दात्यांमध्ये जागा लागते. म्हणून लाकडाच्या पात्याला इंचात साधारण 6 दाते, म्हणजे दोन दात्यांत चार मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर. हेच पातं 2 मिलिमीटरच्या पत्र्यावर लावा. अख्खा पत्रा दोन दात्यांच्या मधल्या खाचेत शिरतो, पुढचा दाता कडेवर आपटतो आणि मोडतो. म्हणून कारागीर म्हणतात, कापताना निदान तीन दाते एकाच वेळी मालात हवेत. इंचाला 18 दाते असलेलं पातं 5 मिलिमीटरच्या पट्टीवर छान चालतं. पण तेच जाड लाकडात घाला, बारीक खाचा भुशाने भरतात, पातं पुढे सरकत नाही, नुसतं घासतं आणि लाकूड काळं पडतं. म्हणजे एकाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष.

दुसरी गोष्ट वेगाची. पुढे-मागे चालणाऱ्या करवतीचा एक झटका समजा 30 मिलिमीटरचा आहे आणि मिनिटाला 3000 फेऱ्या होतात. जाऊन-येऊन एका फेरीत 60 मिलिमीटर, म्हणजे पातं मिनिटाला 180 मीटर धावलं. लाकडाला हे मानवतं. पोलादावर मात्र एवढ्या घर्षणाने दाते तापतात, आणि साधं कार्बन पोलाद दोनअडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतं. म्हणून वेग बोटाने कमीजास्त करता येईल असा खटका ठेवतात, आणि दात्यांची धार हायस्पीड स्टीलची करतात. ते सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत कठीण राहतं. पण ते ठिसूळही असतं, वाकवलं की तुटतं. मग पाठ लवचिक पोलादाची आणि धार कठीण पोलादाची, असे दोन धातू जोडून एक पातं तयार होतं. ॲरिस्टॉटलचं सूत्र इथे आणखी बारीक झालं, नाही का? एकाच पात्याची पाठ एका प्रयोजनाची आणि धार दुसऱ्या.

करवत जाता-येता कापते, असं आपण म्हणतो. या यंत्रात ते खरं नाही. दाते आपल्याकडे वळलेले असतात, पातं मागे येताना कापतं आणि पुढे जाताना नुसतं परत जातं. म्हणून काही करवतींत पात्याला थोडी लंबगोल चाल देतात. कापताना ते मालात दाबलं जातं, परतताना किंचित सुटतं, आणि भुशाला वाट मिळते. लाकडात याने काम झपाट्याने होतं. धातूत मात्र दात्यांना धक्के बसतात, म्हणून ही चाल बंद करायची सोय ठेवलेली असते.

आणि फरशी? तिथे दात्यांचा उपयोगच संपतो. ठिसूळ पदार्थाची ढलपी निघत नाही, त्याचं पीठ होतं. तिथे कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे कण बसवलेली कडा घासावी लागते.

मग सगळं कापणारी करवत कुठे आहे? खरं सांगायचं तर ती नाही. आहे ती अशी, की मोटर आणि मूठ सर्वांसाठी एक, पण पातं ज्याचं त्याला वेगळं, काही सेकंदांत बदलता येणारं. सामान्य अंश यंत्रात ठेवला आणि विशेष अंश पात्यात. जुन्या वाड्याच्या लाकडात खिळे दडलेले असतात, तिथे इंचाला दहाच्या आसपास दात्यांचं, जाड पाठीचं पातं लावतात. ते लाकूडही उत्तम कापत नाही आणि खिळाही उत्तम कापत नाही, पण दोन्हीत तगतं.

आता खरी अडचण. कापायच्या पदार्थांच्या यादीत माणसाचं बोट नाही. पण करवतीला ते कसं कळावं?

याला दोन उत्तरं मिळाली. अमेरिकेत मिशिगनमधल्या होमर स्ट्रायकर या अस्थिशल्यचिकित्सकाने प्लास्टर कापायची करवत केली, तिला 1947 मध्ये पेटंट मिळालं. तिचं पातं गोल फिरत नाही, थोड्याशा कोनात भराभर डावी-उजवीकडे हलतं. प्लास्टर कठीण, ते जागचं हलत नाही, म्हणून कापलं जातं. कातडी पात्याबरोबर हलते, म्हणून सहसा वाचते. अर्थात पातं तापलं तर चटका बसतो, जोराने दाबून ओढलं तर जखमही होते. इथे करवतीला काहीच कळत नाही. पदार्थाचा स्वभावच निवाडा करतो.

दुसरं उत्तर 1999 मधलं, स्टीफन गॅस या अमेरिकी पदार्थशास्त्रज्ञाचं. टेबलावरच्या चक्राकार करवतीच्या पात्यात त्याने सूक्ष्म विद्युत संकेत सोडला. शरीर वीजवाहक, कोरडं लाकूड नाही. बोट लागलं की संकेत बदलतो आणि साधारण 5 मिलिसेकंदांत पातं अडवलं जातं. मोठी युक्ती खरी! पण ॲल्युमिनियमही वीजवाहक आहे, फार ओलं लाकूडही. ते कापायचं तर ही राखण बंद करावी लागते. बघा, करवतीचं 'बोट' ओळखणं म्हणजे फक्त 'वीजवाहक' ओळखणं. जितके पदार्थ वाढवाल, तितकी ही ओळख धूसर होते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे, की बहुगुणी साधनाची किंमत जाणकारीत मोजावी लागते. एकाच कामाच्या साधनात करणाऱ्याने पुष्कळसा विचार आधीच करून ठेवलेला असतो. अनेक कामांच्या साधनात तो विचार वापरणाऱ्याकडे येतो: कोणतं पातं, किती वेग, राखण चालू की बंद. हे शिकवायला वेळ द्यायचा नसेल, तर असं यंत्र कुणाच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण कामगाराला यंत्र देतो आणि म्हणतो, याने सगळं कापता येतं. वाक्य खरं आहे. त्या 'सगळं'मध्ये त्याचा हातही येतो, एवढं आपण सांगायचं विसरतो.