कांद्याच्या शोधात

पोहे पुण्याहून आणलेत, कांदा नाही. म्हणून सकाळी नऊला पिशवी घेऊन मी जिना उतरते आहे. व्हेनिस, मे 2024.

दाराशी बेलची पितळी पाटी. सहा बटणं. दोनांपुढे आडनावं उरलीत, त्यातलं एक पिवळ्या पडलेल्या कागदावर शाईनं लिहिलेलं. बाकी चारांपुढे नुसते आकडे. खिडकीच्या गजांना किल्ल्यांच्या चार डब्या लटकताहेत. काल त्यातलीच एक उघडून आम्ही घरात शिरलो. मालक कोण, माहीत नाही. शेजारी कोण, तेही नाही. हॉटेलपेक्षा स्वस्त आणि वर ओटा मिळतो, एवढंच पाहिलं होतं.

बोळात हातगाडी अडलीय. लाँड्रीचा पोरगा चादरींची पांढरी गाठोडी आत टाकतो, मळकी बाहेर ओढतो. वरच्या दोरीवर मात्र फुलाफुलांचा गाऊन आणि लहान मुलाचे मोजे वाळताहेत. म्हणजे राहतंय कुणीतरी.

मुखवटे, काचसामान, पुन्हा मुखवटे. सान बार्तोलोमेओ चौकात औषधाच्या दुकानाच्या काचेमागे आकडे चमकताहेत. उरलेल्या रहिवाशांची ही मोजदाद, 2008 पासून लावलेली. 1951 साली इथं पावणेदोन लाख माणसं होती. 2022च्या ऑगस्टात आकडा 50 हजारांखाली गेला. सांता मार्गेरिता चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात दुसरा आकडा आहे, पाहुण्यांच्या खाटांचा. तो पहिल्याच्या पुढे गेलाय. त्यात आमच्याही दोन खाटा. रात्रीच्या हिशेबानं घर दिलं तर महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त सुटतात; मग भाडेकरू ठेवणार कोण? तो पुलापलीकडे मेस्त्रेला राहायला जातो आणि कामाला रोज इथं येतो. गेल्या महिन्यापासून गर्दीच्या दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्याला 5 युरो पडतात. मुक्कामाला असणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, ते माफ!

रिआल्तोचा पूल ओलांडून मंडईत येते. लाल मिरच्यांचे गुच्छ, पास्त्याच्या मसाल्याच्या पुड्या, कापलेली फळं प्लास्टिकच्या पेल्यात, काटा खोचून. एक म्हातारी आर्टिचोक निवडतेय, दाबून, उलटंपालटं करून. भाजीवाल्याशी बोलता बोलता ती गुडघा चोळून दाखवते. तो हळहळतो.

मी पुढे होते तसा तो फळांचा पेला धरतो. मी कांद्याकडे बोट दाखवते.

“इथं राहता?” तो इंग्रजीत विचारतो.

“हो.”

“किती दिवस?”

मी तीन बोटं दाखवते. तो दोन कांदे कागदात गुंडाळून देतो आणि पुन्हा म्हातारीच्या गुडघ्याकडे वळतो.