ओल्या वाळूतील धातुशोध : यंत्रनिवडीमागील भौतिक विचार

१८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा शरीरात रुतलेल्या त्या गोळीचा ठाव घेण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर आधारलेले एक उपकरण सिद्ध केले. तो प्रयत्न फसला. शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरताच मर्यादित ठेवण्यात आला होता. शिवाय बिछान्यातील धातूच्या तारांमुळे उपकरणाचा निर्देश दूषित झाला असेही मानले जाते. सप्टेंबरात गारफील्ड मृत्यू पावले. धातुशोधक यंत्राच्या इतिहासारंभीच मिळालेला हा धडा आजही लागू आहे. यंत्र केवळ इष्ट वस्तूस नव्हे, तर तिच्या भोवतालासही उत्तर देते. भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूत तर हा भोवताल स्वतःच विद्युत्संवाहक असतो.

यंत्राच्या प्रेषक वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे वाळूतील धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात व त्यांचे क्षीण चुंबकक्षेत्र ग्राहक वेटोळ्यास जाणवते. सागरजलाची संवाहकता दर मीटरला सुमारे ४ सीमेन्स, म्हणजे तांब्याच्या सुमारे दीड कोटी पटींनी कमी आहे. मग त्याचा उपद्रव का व्हावा? खारे पाणी यंत्राचे क्षेत्र ‘शोषून घेते’ असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. १० किलोहर्ट्‌झ कंप्रतेस सागरजलातील प्रवेशखोली सुमारे अडीच मीटर भरते, आणि शोध तर हात-दीड हात खोलीपर्यंतच घ्यावयाचा असतो. खरा प्रश्न आहे आकारमानाचा. अंगठी काही ग्रॅमांची, तर वेटोळ्याखालील ओली वाळू कित्येक किलोग्रॅमांची असते. या प्रचंड राशीचे एकत्रित उत्तर अंगठीच्या उत्तरास झाकून टाकते. शिवाय लाट येता-जाता, किंवा वेटोळे बोटभर वरखाली होताच, ते बदलते.

यात काळ्या वाळूची भर पडते. रत्नागिरीजवळील काळबादेवी व मिऱ्या येथील किनाऱ्यांवर इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही जड खनिजे आढळतात. मॅग्नेटाइटचे उत्तर मूळ क्षेत्राशी जवळजवळ समकलेत असते. क्षाराचे उत्तर त्यापासून सुमारे ९० अंश कलांतरावर असते. एकाच कंप्रतेवर चालणारे यंत्र कलेच्या आधारे यांपैकी एकाचे निरसन करू शकते, दोहोंचे एकदम नाही. म्हणूनच कोरड्या वाळूत उत्तम चालणारे असे यंत्र पाण्याच्या कडेशी येताच अकारण आवाज करू लागते.

या अडचणीतून दोन मार्ग निघतात. पहिला बहुकंप्रतेचा. क्षाराचे उत्तर कंप्रतेच्या प्रमाणात वाढते; ५ किलोहर्ट्‌झपेक्षा १५ किलोहर्ट्‌झला ते तिप्पट असते. दुसऱ्या वाचनाचा तृतीयांश पहिल्यातून वजा केल्यास क्षाराचा वाटा लोप पावतो व काळ्या वाळूचे निरसन कलेच्या आधारे करता येते. लोखंड व इतर धातू यांतील भेदही बऱ्याच अंशी टिकून राहतो. दुसरा मार्ग स्पंदप्रवर्तनाचा. येथे वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला जातो व आवर्त प्रवाह विरत असताना मापन होते. खाऱ्या पाण्यातील प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच विरतात, नाण्यातील बराच काळ टिकतात; म्हणून सुमारे १० मायक्रोसेकंद थांबून मापन केल्यास क्षाराचा अडथळा बहुतांशी टळतो. काळ्या वाळूचाही त्रास कमी होतो. उणीव एवढीच, की खिळा आणि अंगठी यांतील भेद सांगणे या पद्धतीस कठीण जाते. प्रत्येक निर्देशाला खणावेच लागते.

तेव्हा लोखंडी कचरा विपुल असेल तेथे बहुकंप्रता यंत्र, आणि किनारा स्वच्छ परंतु काळ्या वाळूचा असून खोल शोध हवा असेल तेथे स्पंदप्रवर्तन यंत्र निवडणे युक्त ठरते. मोठे वेटोळे खोलवर पोचते हे खरे; पण ते क्षाराची राशीही अधिक उचलते. म्हणून ओल्या वाळूत मध्यम वेटोळे व किंचित कमी केलेली संवेदनशीलता हितावह होत. जलरोधकता तर आवश्यकच.

तथापि दोन्ही मार्गांना एक समान मर्यादा आहे. सोन्याच्या बारीक साखळीतील आवर्त प्रवाह तुटक व अल्पजीवी असतात. त्यांचे उत्तर कलेने व कालमानाने क्षारासारखेच भासते. त्यामुळे क्षाराचे निरसन करताना साखळीचेही निरसन होते. हा यंत्राच्या बांधणीतील दोष नव्हे. दोन वस्तूंच्या विद्युत्‌गुणांतील साम्याचा तो परिणाम होय.

म्हणून हवेत नाणे फिरवून घेतलेली परीक्षा येथे निरुपयोगी आहे. ज्या किनाऱ्यावर काम करावयाचे, तेथील ओल्या वाळूत अंगठी, नाणे, साखळी व खिळा ज्ञात खोलीवर पुरून प्रत्येकाची मर्यादा मोजावी व ती क्षेत्रनोंदीत लिहावी. बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांचा शोध घेणाऱ्या पुरातत्त्वज्ञास याचे महत्त्व विशेष आहे. ‘धातू आढळला नाही’ एवढीच नोंद झाली, तर यंत्राचे मौन हाच इतिहासाचा पुरावा समजला जाण्याचा धोका असतो. आणि काही आढळलेच, तर १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. वस्तू उचलण्यापूर्वी तिचे स्थान व खोली टिपून ठेवणे हे मात्र कोणत्याही अधिनियमावाचून संशोधकाचे कर्तव्यच होय.