किमान दीप्ती, संगणक पडद्याची

लॅपटॉप संगणकाच्या पडद्याचा उजेड नियंत्रणाने ज्या मर्यादेपर्यंत कमी करता येतो, ती मर्यादा. पडद्याच्या एकक क्षेत्रफळापासून पाहणाऱ्याच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेस दीप्ती म्हणतात व ती कँडेला प्रति चौ. मी. या एककात मोजतात [→ प्रकाशमापन]. ही मर्यादा शून्य ठेवल्यास पडदा पूर्ण काळोखा होतो व उजेड वाढविण्याचे पडद्यावरील नियंत्रणही दिसेनासे होते. त्यामुळे चालू असलेले यंत्र बिघडल्याचा समज होतो.

द्रव स्फटिक पडदा स्वयंप्रकाशी नसतो. त्याच्या मागे किंवा कडेला बसविलेल्या प्रकाश उत्सर्जक डायोडांचा प्रकाश द्रव स्फटिकांच्या थरातून कमीअधिक प्रमाणात पार जाऊन चित्र उमटते. या पृष्ठदीपाचा विद्युत् प्रवाह घटवून अथवा तो वेगाने चालू-बंद करून दीप्ती कमी करतात. दुसऱ्या पद्धतीत चालू-बंद होण्याची कंप्रता कमी असल्यास मंद दीप्तीला प्रकाश लुकलुकतो व काही व्यक्तींच्या डोळ्यांना शीण होतो. नियंत्रणाचे मूल्य शून्य केल्यावर काही यंत्रांत पृष्ठदीप मंद तेवत राहतो, तर काहींत तो विझतो. म्हणून शून्य या अंकाचा अर्थ सर्व यंत्रांत एकच धरता येत नाही.

किमान दीप्ती किती असावी, हे सभोवतालच्या प्रकाशावरही अवलंबून असते. ५०० लक्स प्रदीपन असलेल्या खोलीत ८० टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या कागदाची दीप्ती सु. १२७ कँडेला प्रति चौ. मी. असते. पडद्याने त्याच प्रकाशाचा केवळ १ टक्का विखरून परत पाठविला, तरी त्याच्या काळ्या भागाची दीप्ती सु. १·६ होते. अशा वेळी पांढऱ्या भागाची स्वतःची दीप्ती ५ असल्यास पांढऱ्या व काळ्या भागांचे गुणोत्तर जेमतेम ४ उरते व मजकूर फिकट दिसतो. अंधाऱ्या खोलीत मात्र हाच पडदा सहज वाचता येतो. तेथे किमान मर्यादा फार वर ठेवल्यास अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. उलट, दीप्ती याहून बरीच खाली गेल्यास जालपटलातील शंकुकोशिकांचे कार्य मंदावते व रंग आणि बारीक अक्षरे ओळखणे कठीण जाते.

डोळ्याला दीप्तीतील फरक वजाबाकीने नव्हे, तर स्थूलमानाने गुणोत्तराने जाणवतो. ई. एच. वेबर (१७९५–१८७८) व जी. टी. फेक्नर (१८०१–८७) यांच्या कार्यातून हे तत्त्व मांडले गेले. ४ ते ४०० कँडेला या पल्ल्याचे दहा समान टप्पे केल्यास पहिल्याच टप्प्यात उजेड सु. ११ पट वाढतो, तर शेवटच्या टप्प्यात केवळ १·१ पट. त्याऐवजी प्रत्येक टप्पा सु. १·६ पट ठेवल्यास बदल सारखा भासतो व मंद उजेडातही सूक्ष्म नियंत्रण मिळते.

लिनक्स प्रणालीबरोबर वापरला जाणारा सिस्टमडी हा आज्ञावलीसंच, संगणक सुरू होताना पूर्वीची दीप्ती पुन्हा लागू करतो. त्या वेळी तो सामान्यतः ती कमाल मूल्याच्या ५ टक्क्यांखाली जाऊ देत नाही. यामुळे काळोख्या पडद्याने संगणक सुरू होण्याचा धोका टळतो.

तात्पर्य, अंधाऱ्या खोलीत मजकूर वाचता येईल अशी लघुतम दीप्ती ही किमान मर्यादा मानणे इष्ट ठरते. विजेची बचत वा गोपनीयता यांसाठी पडदा विझविणे ही वेगळी क्रिया असून तिच्यासाठी स्वतंत्र कळ असावी. कोणतीही कळ दाबताच पडदा पुन्हा उजळावा, म्हणजे वापरणाऱ्यास अंधारात चाचपडावे लागत नाही.