गंज कुणाचा? अपघात, विमा आणि 'आधीची नोंद'

गेल्या जुलैमध्ये चौलजवळच्या एका वळणावर समोरून आलेल्या टेम्पोने आमच्या गाडीचा उजवा कोपरा घासत नेला. कुणाला लागलं नाही, पण बंपर तुटला, बोनेट वाकलं, फेंडर चेपला, समोरच्या काचेला तडा गेला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा रंग पत्र्यापर्यंत खरवडला गेला. गाडी सहा वर्षांची, बाबांच्या नावावर. टेम्पोच्या विम्यातून भरपाई हवी तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. ते लांबतं, म्हणून आम्ही आपल्याच पॉलिसीतून क्लेम करायचं ठरवलं.

अपघात शनिवारी संध्याकाळी झाला. आम्ही विमा कंपनीला कळवलं सोमवारी, आणि सर्व्हेअर गाडी बघायला आले गुरुवारी. तोवर उघड्या पत्र्यावर नारिंगी थर चढला होता. त्यांनी बोटाने दाखवून विचारलं, "हा गंज अपघाताच्या आधीचा नाही, कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॅबमध्ये रोज ज्युनिअर्सना 'कंट्रोल कुठे आहे?' असं विचारणारी मी, तिथे गप्प उभी होते.

प्रश्न योग्यच होता. पॉलिसी अपघाताने झालेलं नुकसान भरून देते. वापराने झालेली झीज, गंज किंवा आपोआप झालेला बिघाड त्यात येत नाही. म्हणजे सर्व्हेअरला आधी कारण ठरवायचं असतं, खर्च नंतर. आपल्या भाषेत सांगायचं तर परिणाम एक आहे आणि संभाव्य कारणं दोन. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दुसरं कारण कायम हजर असतं.

ते कसं, ते बघू. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. त्यामुळे पाऊस नसला तरी पत्र्यावर खारट पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि लोखंड गंजत राहतं. आयएसओ 9223 या मानकात हवेचे गंजाच्या वेगानुसार गट केले आहेत. सी2 गटात साध्या पोलादाचा पहिल्या वर्षी 1.3 ते 25 मायक्रोमीटर थर जातो. ज्या सी5 गटात खारे किनारे येऊ शकतात, तिथे 80 ते 200 मायक्रोमीटर. गाडीचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, हे लक्षात घ्या.

ताजा आणि जुना गंज ओळखता येतो का? बऱ्याच अंशी येतो. ताजा गंज पातळ, नारिंगी, भुकटीसारखा असतो आणि फडक्याने पुसला जातो. जुना गंज काळपट, पापुद्र्यांचा असतो, खाली खड्डे पडलेले असतात आणि कडेचा रंग फुगलेला दिसतो. पण जुलैच्या हवेत पाच दिवस गेले की हा फरक पुसट होऊ लागतो. आमचा उशीर म्हणजे पुरावा झिजू देणंच होतं. त्यात रविवारी बाबा म्हणाले, "आधी गाडी धुऊन घेऊ, बरं नाही दिसत." धुतलीही. टेम्पोचा निळा रंग आमच्या दारावर लागला होता, तोही गेला.

शेवटी मदत झाली ती मामेभावाच्या फोनची. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने अंगणात काढलेल्या फोटोत आमची उजवी बाजू आली होती, तारखेसकट. फेंडर धड दिसत होता. पण दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आधीपासूनच होते, तेही स्पष्ट दिसत होतं. फोटो दिला तो पूर्ण दिला. फेंडर आणि दारावरचा ओरखडा मान्य झाला, दाराच्या खालच्या कडेचं काम नामंजूर. वाईट वाटलं, पण निकाल बरोबर होता.

आता पैशांचा हिशेब, कारण इथेही बरेच जण गोंधळतात. सहा वर्षांच्या गाडीसाठी गोल आकड्यांत एक उदाहरण घेऊ. बिल 55,000 रुपये:

— पत्र्याचे भाग 20,000: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के घसारा, मिळतात 12,000
— प्लास्टिकचे भाग 16,000: 50 टक्के घसारा, मिळतात 8,000
— काच 6,000: घसारा नाही, पूर्ण 6,000
— रंगकाम 8,000: त्यातला 25 टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्यावर 50 टक्के घसारा, मिळतात 7,000
— मजुरी 5,000: पूर्ण

बेरीज 38,000. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीची वजावट. हातात 37,000, खिशातून 18,000. झीरो डेप्रिसिएशनचं जादा कव्हर असेल तर घसाऱ्याची कपात बहुतांशी टळते. शिवाय क्लेम घेतला की साठलेला नो क्लेम बोनस जातो. तो सलग पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो, म्हणून छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

सर्व्हेअरचा अहवाल पटला नाही तर? न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नाही. आपल्याकडच्या रिव्ह्यूअरच्या शेऱ्यासारखंच आहे हे: तो खोडता येतो, पण पुराव्याने. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगते. दर तीन महिन्यांनी गाडीचे चारही बाजूंनी आणि दारांच्या खालच्या कडांचे फोटो काढतो, गंजलेल्या जागा न लपवता. अपघात झालाच तर गाडी हलवण्याआधी फोटो, दोन्ही नंबरप्लेट, रस्त्यावरच्या खुणा, आणि कंपनीला त्याच दिवशी फोन. सर्व्हे होईपर्यंत गाडी धुवायची नाही, गॅरेजवाल्याला पत्रा ठोकू द्यायचा नाही.

तुम्ही पीएचडीला लागाल तेव्हाही पहिल्या आठवड्यात हेच करा. उपकरणाला हात लावण्याआधी ते कोणत्या अवस्थेत होतं, हे वहीत तारखेसह लिहा, दोषांसकट. वर्षभराने कुणीतरी 'हे आधीचं नाही कशावरून?' असं विचारेल, तेव्हा ते पान उघडता आलं पाहिजे.