औषधाच्या डब्यात नसलेलं एक औषध

तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यात काय काय आहे, जरा आठवून बघा. क्रोसिन, डायजिन, ओआरएसची पाकिटं, आयोडेक्स. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर त्यांच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असतेच. दमेकऱ्याच्या पिशवीत पंप असतो, मधुमेह असलेल्या काकूंच्या पर्समध्ये साखरेची पुडी. डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नसतो, म्हणून या गोष्टी जवळ बाळगायच्या. त्यात कुणाला लाज वाटत नाही.

आज ज्याबद्दल सांगायचं आहे ते औषध याच जातीचं आहे, फक्त त्याचं नाव निघालं की आपला आवाज आपोआप खाली जातो. त्याचं नाव नॅलोक्सोन. अफू, ब्राऊन शुगर, हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल, कोडीनवालं कफ सिरप ही सगळी एकाच कुळातली द्रव्यं. त्यांचा डोस जास्त झाला की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. माणूस झोपल्यासारखा दिसतो, घोरतो, आणि मग श्वासच थांबतो. नॅलोक्सोन मेंदूत जाऊन या द्रव्यांना त्यांच्या जागेवरून ढकलून देतं. दोन-तीन मिनिटांत श्वास परत सुरू होऊ शकतो. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही, आणि पोटात अफूच्या कुळातलं काही नसेल तर ते दिल्याने सहसा काही बिघडत नाही.

गंमत म्हणजे हा उतारा अफूच्याच झाडातून येतो. अफूतल्या थेबाइन नावाच्या द्रव्यापासून तो बनवता येतो. आपल्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यावर अफूची शेती होते आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. विष आणि उतारा एकाच बोंडात.

हे पंजाबातलं नाहीतर मुंबईतलं प्रकरण, आपल्या जबलपूरचं काय, असं वाटत असेल तर शहराचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. ‘नशीले इंजेक्शन’ पकडल्याच्या, कफ सिरपच्या पेट्या जप्त झाल्याच्या बातम्या आतल्या पानावर दिसतातच. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने देशभर पाहणी केली होती. 2019 साली आलेल्या तिच्या अहवालानुसार 10 ते 75 वयोगटातल्या सुमारे 2 कोटी 26 लाख लोकांनी वर्षभरात अफूच्या कुळातलं काही ना काही घेतलं होतं. इतकी माणसं कुणाची तरी मुलं, भाऊ, जावई असणारच.

नॅलोक्सोन काही नवीन नाही. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन या दोघांनी 1961 मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1971 मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली. पुढे 2003 मध्ये फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्या माणसाने उतारा शोधला, त्याच्याच घरातलं मूल त्या उताऱ्याअभावी गेलं. तेव्हा ते औषध रुग्णालयांत होतं, अॅम्ब्युलन्समध्ये होतं. मुलाच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या खिशात नव्हतं. माझ्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे.

कारण ओव्हरडोस बहुतेक वेळा कुणाच्या तरी समोर होतो. मित्र असतो, बायको असते, शेजारच्या खोलीत आई असते. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर नुकसान सुरू होतं, आणि नेपिअर टाऊनच्या गर्दीतून तेवढ्या वेळात अॅम्ब्युलन्स यायची कशी? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सांगितलं की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे, त्या घरच्यांना, मित्रांना हे औषध मिळालं पाहिजे आणि ते कसं द्यायचं हे शिकवलं पाहिजे.

आपल्या देशात हे आधी कुणी ओळखलं असेल तर ईशान्येने. मणिपूर म्यानमारच्या सीमेवर. तिथे हेरॉइनला ‘नंबर फोर’ म्हणतात आणि एकेका गल्लीने त्यापायी मुलं गमावली आहेत. इम्फाळमध्ये 1991 साली ‘सासो’ ही संस्था उभी राहिली. ती उभारणारे स्वतःच कधीकाळी नशेच्या विळख्यात सापडलेले तरुण होते. मणिपूर-नागालँडमध्ये पुढे अशा संस्थांच्या केंद्रांवर नॅलोक्सोन ठेवलं जाऊ लागलं आणि वस्तीतल्याच कार्यकर्त्यांना ओव्हरडोस ओळखायला, त्यावर उपचार करायला शिकवलं गेलं. म्हणजे डॉक्टर नसलेली, ज्यांच्याकडे पाहून आपण रस्ता बदलू अशी माणसं दुसऱ्यांचे श्वास परत आणत होती.

अमेरिकेत आता चित्र बरंच बदललं आहे. नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे तिथे मार्च 2023 मध्ये चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2012 पासून घरी न्यायची किट मोफत देण्याचा कार्यक्रम चालू आहे. तुमचं मूल टोरांटोला किंवा न्यू जर्सीला शिकायला जात असेल तर बॅगेत थालीपिठाची भाजणी भरताना याबद्दलही एकदा बोला. तो किंवा ती नशा करेल म्हणून नाही. तिकडे बनावट गोळ्यांमध्ये फेंटानिल मिसळलेलं सापडतं, आणि पार्टीत ‘अभ्यासाची गोळी’ समजून ती घेणारा रूममेट असू शकतो. स्प्रे पर्समध्ये असेल तर तुमची मुलगी कुणाचा तरी जीव वाचवेल.

इकडे मात्र तसा स्प्रे औषधाच्या दुकानात सहज मागून घ्यावा अशी स्थिती नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत नॅलोक्सोन आहे, पण इंजेक्शन म्हणून, आणि त्याची खरी जागा रुग्णालय. व्यसनमुक्ती केंद्रात जिभेखाली ठेवायला देतात त्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीतही नॅलोक्सोन असतं, पण ती रोजच्या उपचाराची गोळी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ती चुकूनही घालू नका.

घरात कुणाचा असा उपचार चालू असेल, किंवा कॅन्सरच्या वेदनांसाठी कुणाला मॉर्फिन किंवा फेंटानिलची पट्टी चालू असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: “डोस जास्त झाला तर आम्ही काय करायचं? नॅलोक्सोन घरी ठेवता येईल का, आणि द्यायला कोण शिकवेल?” डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसला घाबरून आजीचं औषध मात्र बंद करू नका. वेदना सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. ते कुलपात ठेवा म्हणजे झालं, नातवंडांचे हात सगळीकडे पोचतात.

आता प्रसंग आलाच तर? हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासा. तरीही उठत नाही, ओठ किंवा नखं निळसर पडली आहेत, घशातून घरघर येते आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर 108 किंवा 112 लावा. काय घेतलं आहे ते लपवू नका. उताणं झोपवून मान मागे करा, नाक दाबून दर पाच सेकंदांना एक असा तोंडाने श्वास द्या. हृदयही थांबलं असेल तर छाती दाबणं आलंच, फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. नॅलोक्सोन हाताशी असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. लिंबू चोखवणं, मिठाचं पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, अंगावर बादली ओतणं यातलं काहीही करू नका. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी गेलं तर त्यानेच जीव जाईल.

आणि तो उठून बसला, “मी ठीक आहे” म्हणाला, कदाचित चिडलासुद्धा, तरी एकटं सोडू नका. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. शरीरात नशा त्याहून जास्त वेळ टिकली तर श्वास पुन्हा मंदावू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर हे औषध चालत नाही, त्यामुळे सगळं मिसळून घेतलं असेल तर रुग्णालय गाठावंच लागतं.

एक वेळ सगळ्यात धोक्याची असते आणि नेमकी तेव्हाच घरात पेढे वाटले जातात. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून दोन-तीन महिन्यांनी घरी येतो तेव्हा. एवढ्या दिवसांत त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. एखाद्या संध्याकाळी पाय घसरला आणि त्याने पूर्वीएवढाच डोस घेतला, तर तोच जीवघेणा ठरतो. तुरुंगातून सुटून आलेल्यांचंही असंच होतं. त्याच्यावर पाळत ठेवा असं मी म्हणत नाही. पण केंद्रातून निघतानाच समुपदेशकासमोर हे त्याच्याशी उघड बोला, आणि काही झालं तर दाराला कडी लावून एकटा बसू नकोस, आम्ही ओरडणार नाही, एवढं त्याला सांगून ठेवा. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, आणि मनावरचा ताण असह्य झाला असेल तर टेलिमानसचा 14416.