हानलेच्या डोंगरावरून टिपलेला लाल उजेड

१० मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर लडाखमधील हानले येथील भारतीय खगोल वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत पसरलेला तांबडा उजेड टिपला. तो ध्रुवीय प्रकाश होता. ती छायाचित्रे पाहून कोणाही चौकस विद्यार्थ्याच्या मनात शंका येईल: त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाला आकाश इतके लाल दिसले असते का? नसेल, तर मग हे छायाचित्र खरे कसे मानायचे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधताना बरेच विज्ञान हाती लागते.

आधी कारण पाहू. त्या आठवड्यात सूर्यावरील एका मोठ्या डागसमूहातून विद्युतभारित कणांचे अनेक लोट एकामागून एक पृथ्वीच्या दिशेने निघाले होते. त्यांच्यामुळे झालेले चुंबकीय वादळ ऑक्टोबर २००३ नंतरचे सर्वांत तीव्र प्रतीचे ठरले. अशा वादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वेगवान इलेक्ट्रॉन वरच्या विरळ हवेत घुसतात, तेथील ऑक्सिजनच्या अणूंना ऊर्जा देतात आणि अणू ती ऊर्जा प्रकाशरूपाने परत टाकतात.

पण लालच का? ध्रुवीय प्रकाशाचा नेहमीचा रंग तर हिरवा! गंमत अशी, की दोन्ही रंग ऑक्सिजनच्याच अणूचे आहेत. हिरवा प्रकाश (५५७.७ नॅनोमीटर) देणारी अवस्था सेकंदाच्या आत ऊर्जा टाकून मोकळी होते. लाल प्रकाश (६३० नॅनोमीटर) देणाऱ्या अवस्थेला मात्र सरासरी सुमारे ११० सेकंद लागतात. शंभर किलोमीटर उंचीवर एवढ्या अवधीत अणूच्या शेजाऱ्यांशी असंख्य टकरी होतात आणि प्रकाश पडण्यापूर्वीच ऊर्जा निघून जाते. त्यामुळे लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे टकरी विरळ आहेत तिथेच उमटतो. हिरवा साधारण शंभर ते दीडशे किलोमीटरवर.

आता फळ्यावर एक आकृती काढू. १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर धरले, तर पृथ्वीची त्रिज्या ६४ सेंटिमीटर होईल. फळ्यावर तिचा कंसच मावेल, तेवढा पुरे. कंसावरील एका बिंदूला हानले म्हणा आणि तिथून स्पर्शिका काढा. ही आपली क्षितिजरेषा. तिच्या खाली जे आहे ते हानलेहून दिसणार नाही. कंसाच्या वर ४ सेंटिमीटरवर (४०० किलोमीटर) दुसरा कंस काढला, तर स्पर्शिका त्याला सुमारे २३ सेंटिमीटरवर छेदते. १.१ सेंटिमीटरवरचा कंस मात्र १२ सेंटिमीटरवरच छेदला जातो. म्हणजे कझाकस्तान व सैबेरियाच्या सीमेवरील आकाशाचा वरचा लाल मजला हानलेहून क्षितिजाजवळ दिसू शकतो. त्याखालचा हिरवा मजला पृथ्वीच्या वक्रतेआड राहतो. स्पर्शिकेचे हे चित्र विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. शब्दांनी ते नीट पटत नाही.

डोंगराचा उपयोग काय? वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. सपाट समुद्राकाठी एवढा डोंगर असता, तर क्षितिज सुमारे २४० किलोमीटर दूर गेले असते. पण हानलेभोवतीचा मुलूखच उंच असल्याने हा फायदा तिथे पूर्ण मिळत नाही. खरा लाभ हवेचा आहे. ती विरळ व कोरडी आहे, धूळ कमी आहे आणि आसपास शहरी दिवे नाहीत. क्षितिजालगतच्या प्रकाशाला हवेचा फार जाड थर ओलांडून यावे लागते, तेव्हा याचे महत्त्व कळते.

आता मूळ शंकेकडे वळू. अंधारात आपण डोळ्यांतील दंडाकार पेशींनी पाहतो. या पेशींना रंग कळत नाहीत आणि लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना मंद उजेड पुरत नाही. शिवाय डोळा फार तर सेकंदाच्या दहाव्या भागातला प्रकाश एकत्र करतो; कॅमेऱ्याची झडप वीस सेकंद उघडी ठेवली, तर त्याच्या दोनशेपट. तेव्हा कॅमेरा खोटे बोलत नाही, तो अधिक वेळ पाहतो, इतकेच. नंतर संगणकावर रंग भडक करण्याची हौस मात्र आम्हाला पटत नाही. तिथे शंका घ्यायला जागा उरते.

वीस सेकंदच का, तेही पाहू. पृथ्वी फिरत असल्याने विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात; वीस सेकंदांत ५ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या सहाव्या भागाइतके. रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगात एवढे खपून जाते, त्याहून जास्त वेळ दिला की ताऱ्यांच्या रेघा दिसू लागतात. बाकीची तयारी साधी आहे. भक्कम तिवई हवी, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे हवे, संवेदनक्षमता १६०० ते ३२०० आणि नाभीयन एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने केलेले. थंडीत बॅटरी लवकर दम टाकते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. एकच छायाचित्र घेऊन थांबू नये. गावाच्या दिव्यांची आभा जागच्या जागी राहते; ध्रुवीय प्रकाश काही मिनिटांत बदलतो. ओळीने घेतलेल्या चित्रांत हा फरक लगेच कळतो.

महाराष्ट्रातून हे जमेल का? एरवी नाही. चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला झुकलेला असल्याने हानलेचे भूचुंबकीय अक्षांशही २४ च्या आसपासच येतात, मुंबईचे तर दहाच्या घरात. तरीही ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद त्या वेळच्या वृत्तपत्रात आहे, आणि मुंबई ते एडन ही समुद्राखालची तारही त्या रात्री काही तास विस्कळीत झाली होती. त्याचे छायाचित्र मात्र नाही. ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र नॉर्वेत निघाले ते १८९२ मध्ये, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी.